पेस्ट कंट्रोलचा परवाना काढताना

मुंबईतल्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत दहा वर्षे काढल्यावर, त्यातली शेवटची सहा पर्यवेक्षक म्हणून, मी २०२२च्या सुरुवातीला पुण्यात स्वतःचा व्यवसाय सुरू करायचे ठरवले. झुरळांच्या जेलचे ठिपके कुठे ठेवायचे, वाळवी भिंतीत कुठवर गेली असेल, उंदीर कोणत्या वाटेने येतो हे सारे अंगवळणी पडलेले होते. उरले ते केवळ कागदपत्रांचे काम आणि ते कर सल्लागार करून देतील, अशी माझी समजूत होती. त्यांनी जीएसटी, उद्यम नोंदणी आणि ज्याला सगळे अजूनही गुमास्ता म्हणतात ते काम आठवडाभरात उरकलेही. (राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी लागत नसे, केवळ सूचना द्यावी लागे, पण हातात येणाऱ्या त्या कागदाला गुमास्ता म्हणायची सवय काही गेलेली नाही.) पहिले गिऱ्हाईक म्हणून ज्या हॉटेलात गेलो, तिथल्या व्यवस्थापकांनी हे तिन्ही कागद बाजूला सारले आणि विचारले, "कृषी खात्याचं लायसन कुठाय?"

जुन्या कंपनीत तो परवाना साहेबांच्या केबिनमध्ये चौकटीत लावलेला असे. दहा वर्षांत मी तो एकदाही नीट वाचला नव्हता. स्वयंपाकघरातल्या झुरळांशी कृषी खात्याचा काय संबंध, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. उत्तर कायद्यातच आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ हा कपाशीवरची बोंडअळी आणि ओट्याखालचे झुरळ यांत फरक करत नाही. तो द्रव्याकडे पाहतो. त्याच्या कलम १३ प्रमाणे कीटकनाशक तयार करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जसा परवाना लागतो, तसाच व्यावसायिक तत्त्वावर कीडनियंत्रण करणाऱ्यालाही लागतो आणि तो देण्याचे काम राज्याच्या कृषी विभागाकडे आहे. स्वतःच्या घरात स्वतःपुरते औषध मारणाऱ्याला मात्र हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मी माझ्या घरात झुरळे मारली तर तो माझा खासगी प्रश्न, शेजाऱ्यांकडे पैसे घेऊन मारली तर परवाना हवा.

सर्वांत आधी अडले ते शिक्षणाशी. याच कायद्याखालच्या १९७१च्या नियमांप्रमाणे अर्जदार कृषी पदवीधर हवा, किंवा रसायनशास्त्र हा विषय घेतलेला विज्ञान पदवीधर हवा आणि त्याशिवाय ठरावीक संस्थांपैकी एकीत किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण झालेले हवे. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. पदवी प्रमाणपत्रावर आणि तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर रसायनशास्त्राचा उल्लेखही नाही. तो विषय मला पहिल्या दोन वर्षांत होता आणि त्या गुणपत्रिका घर बदलताना कुठे गेल्या ते आईलाच ठाऊक असावे, या भरवशावर मी गावी फोन केला. गुणपत्रिका दिवाणाखाली, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडल्या. दुसऱ्या वर्षाच्या पत्रिकेचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला होता. कृषी कार्यालयातल्या बाईंनी तो कोपरा पाहिला, माझ्या अर्जावरचा व्यवसाय पाहिला आणि काहीही न बोलता दुबार प्रत आणायला सांगितले. हे सोपस्कार महिनाभर चालले.

प्रशिक्षणासाठी मी हैदराबादजवळ राजेंद्रनगरला राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत गेलो. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि हापुडची धान्य साठवणुकीची संस्था हे नियमांतले दुसरे पर्याय होते, पण मला तारखा हैदराबादच्या जुळल्या. खरे सांगायचे तर मी थोडा कुरकुरतच गेलो होतो. ज्याने हजारभर स्वयंपाकघरे पाहिली, त्याला वर्गात बसवून काय शिकवणार, असे मनात होते. हा माज उंदरांच्या तासाला उतरला. झिंक फॉस्फाइड या विषाचे आमिष थेट ठेवले तर उंदीर थोडे खातो, आजारी पडतो आणि जगला तर पुन्हा त्या चवीच्या वाटेला जात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून त्याला सवय लावायची असते. मी दहा वर्षे पहिल्याच दिवशी विष ठेवत आलो होतो आणि आठवड्याने गिऱ्हाइकाची तक्रार आली की "उंदीर हुशार झालेत" असे सांगत आलो होतो. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी द्रव्ये उशिरा परिणाम करतात, त्यामुळे उंदराला संशय येत नाही, आणि माणसाच्या पोटात गेली तर उतारा म्हणून जीवनसत्त्व के-१ दिले जाते, हेही तिथेच नीट समजले. त्याआधी आमच्या प्रथमोपचार पेटीत आयोडीन आणि कापूस यांपलीकडे काही नसे.

याच वर्गात केरळची हकिगत ऐकली. १९५८ साली जहाजातून गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकत्र आले, गळती होऊन पीठ विषारी झाले आणि ते खाऊन केरळ व लगतच्या मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे दहा वर्षांनी हा कायदा झाला. कीटकनाशक खाद्यपदार्थांच्या संपर्कात येईल अशा रीतीने ठेवू वा वाहून नेऊ नये, हा नियम त्यानंतर मला कधीच कागदी वाटला नाही. पण तो माझ्यावरच उलटेल हे तेव्हा ध्यानात आले नाही.

झाले असे की, मी व्यवसायासाठी जो गाळा भाड्याने घेतला होता, तो एका फरसाणाच्या दुकानाला लागून होता. दोन्ही गाळ्यांचा पोटमाळा मुळात एकच. मधे फक्त प्लायवूडचा पडदा. भाडे कमी होते आणि पुढे पाटी लावायला जागा चांगली होती, एवढेच मी पाहिले. अर्ज एप्रिलच्या शेवटी दाखल केला आणि तिथेच दुसरी चूक झाली. कृषी खात्यातले जे गुणनियंत्रण निरीक्षक जागेची तपासणी करतात, त्यांच्याकडेच बियाणे, खते आणि शेतीच्या औषधांची तपासणी असते. मे ते जुलै म्हणजे खरिपाचा हंगाम, बोगस बियाण्यांवर छापे, भरारी पथके. माझी झुरळांची फाईल त्या गर्दीत तळाशी गेली. दोनदा चौकशीला गेलो, तेव्हा टेबलावर कपाशीच्या बियाण्यांची सीलबंद पाकिटे नमुन्यासाठी मांडलेली होती आणि मला "पेरण्या होऊ द्या" असे सांगण्यात आले. तेव्हा राग आला. आज वाटते, त्यांचा क्रम बरोबर होता.

निरीक्षक आले ते जुलैच्या अखेरीस, भर पावसात. मध्यमवयीन, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाटी पाहिली नाही, टेबल पाहिले नाही. सरळ शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. वर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तळणीचा वास येतोय."

मी म्हणालो, "साहेब, शेजारी फरसाणवाले आहेत."

"त्यांचा वास तुमच्याकडे येतो, तर तुमचा त्यांच्याकडे जाणार नाही का?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. खाली उतरल्यावर त्यांनी माझे खोके उघडायला लावले. त्यात इमिडाक्लोप्रिडची एक बाटली होती, १७.८ टक्के एस.एल. (पाण्यात विरघळणारे द्रव). वाळवीसाठी घेतली आहे, असे मी सांगितले. त्यांनी बाटलीवरची घडी घातलेली पत्रिका उलगडली आणि इमारतीतली वाळवी हे शब्द मला दाखवायला सांगितले. ते नव्हतेच. हे द्रव्य पिकांसाठी नोंदलेले. इमारतीतल्या वाळवीसाठी त्याच औषधाचे ३०.५ टक्के एस.सी. (द्रवात बारीक कण तरंगत असलेले) हे रूप वापरावे लागते. शेती दुकानात याला लेबल क्लेम म्हणतात: फरिदाबादच्या नोंदणी समितीने ज्या किडीसाठी, ज्या ठिकाणी, ज्या मात्रेत औषध मान्य केले असेल, तेवढ्यासाठीच ते वापरायचे. शेतीचे औषध स्वस्त पडते, म्हणून आमच्या धंद्यात ते सर्रास वापरले जाते आणि मीही तेच करणार होतो. निरीक्षकांनी बाटली परत खोक्यात ठेवली, अहवालात जागेवर शेरा मारला आणि जाताना एवढेच म्हणाले, "यवतमाळला आम्ही बघून आलोय." २०१७ साली त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. निरीक्षक त्या वेळी तिकडे कोणत्या कामावर होते, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

परवाना हा जागेगणिक असतो. त्यामुळे गाळा बदलला म्हणजे भाडेकरार, वीजबिल, नकाशा, मालकाचे संमतिपत्र हे सगळे पुन्हा. मधल्या काळात परवान्याशिवाय औषधाचे काम घेता येईना. दोन कारागिरांचे पगार मात्र थांबत नव्हते, म्हणून आम्ही तीन महिने औषधाविना जे करता येईल ते केले: मोऱ्यांना जाळ्या बसवल्या, दाराखालच्या फटींना ब्रश पट्ट्या लावल्या, पाइपभोवतीची भोके सिमेंटने बुजवली, पिंजरे लावले. त्यात पैसा फारसा सुटला नाही, पण ज्या सोसायटीत हे काम केले तिथे पुढे उंदरांसाठी आम्हाला औषध जवळजवळ ठेवावे लागले नाही.

दुसरा गाळा औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेजारी मिळाला. इथे मी नियमावली समोर ठेवून मांडणी केली. कोरडी, उजेडाची, हवा खेळती असलेली वेगळी खोली आणि तीत कुलपाचे लोखंडी कपाट. कप्पे लेबलावरच्या चौकोनाच्या रंगाप्रमाणे: सर्वांत जहाल तो लाल, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. आमच्या कामात बहुतेक माल निळ्या आणि हिरव्या चौकोनाचा असतो. पिवळा क्वचित, आणि लाल मी ठेवतच नाही. मुदत संपलेल्या मालासाठी कोपऱ्यात वेगळी पेटी आणि तिच्यावर तशी पाटी, कारण मुदतबाह्य औषध चांगल्या मालात मिसळलेले सापडणे हाच मुळात गुन्हा आहे. साठा नोंदवहीत बॅच क्रमांक, मुदत, आलेले, गेलेले, कोणत्या कामावर गेले. हातमोजे, चष्मे, श्वसन मुखवटे, गमबूट. कारागिरांची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर तिमाहीला वैद्यकीय तपासणी नियमात आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटाची औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज (या औषधांमुळे घटणारे विकर) हेही वरचेवर तपासावे लागते. माझ्या जुन्या कंपनीत हे कधी झाल्याचे मला आठवत नाही, आणि आम्ही तर डायक्लोरव्हॉस उघड्या हातांनी मापत असू. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२०पासून पूर्ण बंदी आली. तरी घरभर तो उग्र वास पसरल्याशिवाय पेस्ट कंट्रोल झाले असे मानायला तयार नसलेली गिऱ्हाइके आजही भेटतात. जेलचे काम झाल्यावर "नुसते ठिपके देऊन पैसे घेतले" असे मला तोंडावर ऐकवलेले आहे.

दुसरी तपासणी सप्टेंबरमध्ये झाली. तेच निरीक्षक. त्यांनी कपाट उघडायला लावले, किल्ली कुणाकडे असते ते विचारले, नोंदवहीतली एक ओळ आणि कपाटातली एक बाटली जुळवून पाहिली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवाना हातात पडला. अर्ज केल्यापासून सात महिने होत आले होते.

यापुढची गोष्ट सांगायला मला आवडत नाही, पण ती वगळली तर वरचा सारा मजकूर खोटा पडेल. परवाना मिळून दोन महिनेही झाले नव्हते. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत वाळवीचे काम होते. भिंतीच्या कडेने ३० सेंटिमीटरवर एक अशी १२ मिलिमीटरची छिद्रे पाडायची, प्रत्येकात सुमारे लिटरभर द्रावण सोडायचे, मग पांढऱ्या सिमेंटने बंद करायची. मी ड्रिलवर होतो. मदतनीस द्रावण कालवत होता. लिटरमागे दोन मिलिलिटर इतकेच औषध लागते. त्यासाठी मोठी बाटली गाळ्यातून कशाला न्यायची, म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाव भाग औषध ओतून आणले होते. ३०.५ टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड दाट आणि दुधट असते. ती बाटली त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली.

ड्रिल थांबले तेव्हा मला आजींचा आवाज ऐकू आला. "बाळा, हे ताक तुझं का रे? उन्हात राहिलंय, फ्रिजात ठेवते."

मी "आजी, हात लावू नका" असे ओरडलो असेन, कारण त्या दचकल्या. बाटली त्यांच्या हातात होती, झाकण लावलेले होते. त्यांना आणखी काही कळण्याआधी मी ती घेतली, त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि मग खरे काय ते सांगितले. संध्याकाळी त्यांचे चिरंजीव आल्यावर त्यांनाही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "घरात तीन वर्षांची मुलगी आहे." उरलेले काम त्यांनी आमच्याकडून करून घेतले खरे, पण पुढच्या वर्षी बोलावले नाही. बोलावले असते तर मलाच नवल वाटले असते.

मदतनिसाला मी काढले नाही. चूक त्याच्याइतकीच माझी होती; माझ्या कपाटाला कुलूप होते, पण किल्ली खिळ्याला टांगलेली असे आणि आदल्या संध्याकाळी औषध कोण ओतून नेतो हे पाहायला मी तिथे नव्हतो. नोंदवहीतल्या त्या तारखेला साठ्यातून काहीच गेल्याची नोंद नव्हती, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिले. आता औषध मूळ लेबलच्या बाटलीतच, कुलपाच्या पेटीतून जाते, मापाचे नळकांडे पेटीतच असते, आणि पेटी निघताना व परतताना वजन करून नोंद होते. कारागीर कुरकुरतात. पाण्याची बाटली ते आता कापडी पिशवीत, गाडीत ठेवतात. कामाच्या जागी आमच्या माणसाच्या हातात कसलीच बाटली दिसू नये असे मी सांगून ठेवले आहे.

ज्या हॉटेलने मला पहिल्या दिवशी परत पाठवले, तिथे परवाना घेऊन पुन्हा गेलो. अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत खाद्य व्यावसायिकांना कीडनियंत्रण आणि त्याच्या नोंदी बंधनकारक आहेत, म्हणूनच त्यांना माझा कागद हवा होता. व्यवस्थापकांनी परवान्याची छायाप्रत घेतली आणि मागच्या तीन महिन्यांच्या तारखा टाकून प्रमाणपत्रे करून मागितली. त्यांच्याकडे तपासणी यायची होती. मी नाही म्हटले आणि ते काम गेले. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ढेकणांसाठी खोलीत "त्या गोळ्या" ठेवून द्या, असा आग्रह धरला. अॅल्युमिनियम फॉस्फाइडला दमट हवा लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि तो दाराखालच्या फटीतून शेजारच्या घरात जातो. राहत्या इमारतींत यामुळे माणसे, विशेषतः मुले, दगावलेली आहेत. हे द्रव्य निर्बंधित असून धुरीकरणाची मान्यता फरिदाबादहून, भारत सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांकडून, वेगळी घ्यावी लागते. ती असलेला माणूसही ते राहत्या घरात वापरणार नाही. एवढे सगळे समजावल्यावर ते म्हणाले, "मग बाजारात मिळतात कशा?" दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर २००१पासून बंदी आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

सध्या पिंपरीकडच्या कामांसाठी दुसऱ्या जागेचा अर्ज केलेला आहे. तिथे बसायला कृषी पदवीधर मुलगा मिळाला असून तो पुढच्या महिन्यात राजेंद्रनगरला जाईल. अर्जावर एक त्रुटी निघाली आहे, नकाशात खोलीची खिडकी दाखवलेली नाही अशी. खिडकी आहे. या वेळी अर्ज मी ऑक्टोबरमध्ये, पेरण्या आटोपल्यावर केला.